पक्वतेचे शब्द आणि मद्याची चव : द्राक्ष, आंबा व काजू यांच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

फळ पिकले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा आहे. परंतु त्याचे उत्तर शेतकरी, व्यापारी, आसवकार आणि वैद्य हे आपापल्या प्रयोजनानुसार निरनिराळे देत आले आहेत, आणि ती निरनिराळी उत्तरे भाषेत साठून राहिली आहेत. द्राक्षाची पक्वता आणि त्यापासून होणाऱ्या मद्याची चव यांचा संबंध युरोपीय ग्रंथांत विस्ताराने चर्चिला गेला आहे. आपल्याकडे त्या चर्चेस समांतर असे साहित्य अल्प असले तरी शब्दांचा साठा मात्र विपुल आहे. प्रस्तुत लेखात त्या साठ्याच्या आधारे तीन गोष्टी मांडण्याचा प्रयत्न आहे. पहिली, प्राचीन भारतीय मद्यविद्येत फळाच्या पक्वतेला दुय्यम स्थान का मिळाले. दुसरी, घाटावरील द्राक्ष व कोकणातील आंबा आणि काजू या फळांनी मराठीत पक्वतेच्या तीन वेगवेगळ्या कल्पना कशा रुजविल्या. आणि तिसरी, गेल्या चार दशकांत महाराष्ट्रात वाइनचा धंदा उभा राहिला तेव्हा या कल्पनांचे काय झाले.

रत्नागिरीत बसून द्राक्षाविषयी लिहिणे काहींना विचित्र वाटेल. सह्याद्रीच्या पश्चिमेस पावसाचे मान इतके मोठे आहे की येथे द्राक्षाची वेल धंद्यासाठी लावणे व्यवहार्य नाही. तथापि तुलनेसाठी हीच जागा सोयीची आहे. कारण फळाच्या 'तयारी'चा विचार जितक्या बारकाईने येथील आंबेवाला करतो, तितका फार थोड्या ठिकाणी होत असेल.

२. 'पिकणे' या शब्दाची पूर्वपीठिका

मराठी 'पिकणे' हे क्रियापद संस्कृत 'पक्व' या शब्दापासून, प्राकृतातील 'पिक्क' या रूपाच्या द्वारे आले आहे. 'पीक' हे नामही त्याच कुळातील. मूळ धातू 'पच्' म्हणजे शिजविणे. शिजणे, पिकणे आणि पचणे या तिन्ही क्रिया आपल्या भाषापरंपरेने एकाच धातूखाली आणल्या. त्या सर्वांत उष्णता कच्च्याचे रूपांतर पक्क्यात करते, ही एकच कल्पना आहे. इंग्रजीतील 'राइप' हा शब्द कापणीच्या 'रीप' या क्रियापदाशी संबद्ध आहे. तेथे पिकलेले म्हणजे कापण्याजोगे झालेले. लॅटिन 'मातूरुस' या शब्दात योग्य वेळेचा भाव प्रधान आहे, आणि फ्रेंच 'म्यूर' त्यापासूनच निघाला आहे. एका भाषेने शिजणे पाहिले, दुसरीने कापणे आणि तिसरीने वेळ.

याच्या जोडीला 'आंबणे' हा शब्द पाहावा. संस्कृत 'आम्र' आणि 'अम्ल' हे दोन भिन्न शब्द. परंतु प्राकृतात दोन्हींचे रूप 'अंब' असे झाले. त्यामुळे मराठीत 'आंबा' आणि 'आंबट', 'आंबणे', 'आंबील' ही एकाच घरची भावंडे वाटतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने आंबा वेगळा आहे. 'आंबणे' या क्रियापदात मात्र एक महत्त्वाची गोष्ट नोंदली गेली आहे : रसाला फेस येऊन त्यात बदल होतो, त्याचे नाव आपण मद्यनिर्मितीवरून ठेवले नाही, तर आंबटपणावरून ठेवले. पिकताना आंबटपणा जातो आणि आंबताना तो येतो. या दोन विरुद्ध दिशांच्या क्रियांमधला तोल म्हणजेच फळापासून केलेल्या मद्याची चव होय.

३. प्राचीन मद्यविद्या आणि पक्वतेचे दुय्यम स्थान

कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात निरनिराळी मद्ये सांगितली आहेत. त्यांत द्राक्षाच्या रसाला 'मधु' असे नाव असून त्याचे कापिशायन आणि हारहूरक असे दोन प्रकार दिले आहेत. ही दोन्ही नावे प्रदेशावरून आलेली आहेत. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील प्रदेशाची राजधानी. 'कापिशायन' हे रूप सिद्ध करण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिले आहे. द्राक्षमद्य हे वायव्येकडचे, त्या प्रदेशाच्या नावाने ओळखले जाणारे पेय होते, हे यावरून स्पष्ट होते. पश्चिम किनाऱ्यावरही ते समुद्रमार्गे येत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीच्या मद्याचा उल्लेख आहे.

याउलट देशात सर्वत्र होणारी मद्ये धान्य, ऊस, गूळ, मोहाची फुले, ताड-माडाचा रस यांपासून होत. वैद्यक ग्रंथांतील आसवे व अरिष्टे पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. द्राक्षासव किंवा द्राक्षारिष्ट यांत बहुधा सुकलेले द्राक्ष म्हणजे मनुका वापरल्या जातात, बाहेरून गूळ किंवा साखर घातली जाते, आणि धायटीच्या फुलांनी आंबण्यास चालना दिली जाते. ज्या देशात उसाची साखर घरची होती, तेथे मद्यातील गोडीचे नियंत्रण फळाच्या पक्वतेवर अवलंबून ठेवण्याचे कारणच नव्हते. फळ थोडे कच्चे असले तर गूळ वाढविता येत असे.

येथे शब्दार्थाच्या एका सापळ्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. उसाच्या मद्याचे म्हणजे सीधूचे 'पक्वरस' आणि 'शीतरस' असे दोन भेद वैद्यक ग्रंथांत येतात. यातील 'पक्वरस' म्हणजे पिकलेल्या उसाचा रस नव्हे; शिजवून आटविलेला रस होय. 'पच्' धातूच्या व्यापक अर्थामुळे असा घोटाळा सहज होतो. प्राचीन ग्रंथांत 'पक्व' हा शब्द मद्याच्या संदर्भात दिसला म्हणजे तो फळाविषयी आहे की अग्नीविषयी, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे.

युरोपात परिस्थिती निराळी होती. तेथे द्राक्षरसात दुसरे काही न घालता मद्य करण्याची परंपरा असल्यामुळे वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढेच मद्य कडक होई. थंड प्रदेशात उन्हाळा कमी पडला की द्राक्ष आंबट राही आणि मद्यही पातळ व आंबट होई. फ्रान्समध्ये शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञाने १८०१ च्या सुमारास आंबण्यापूर्वी रसात साखर घालण्याचा पुरस्कार केला, आणि त्या क्रियेला त्याचेच नाव पडले. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात अक्सले याने रसाची घनता मोजण्याचे साधन प्रचारात आणले. पुढे १९७१ च्या जर्मन कायद्याने मद्याचे वर्ग रसातील गोडीवर ठरविले. 'श्पेटलेसे' म्हणजे उशिरा केलेली तोडणी, हे त्यांतील एका वर्गाचे नाव आहे. पक्वतेचा शब्द तेथे कायद्याचा शब्द झाला.

४. दख्खनचे द्राक्ष

द्राक्ष दख्खनला नवे नाही. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादेच्या वर्णनात तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे नोंदविले आहे. ही नोंद प्रवासवर्णनातील नवलाईची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शीत प्रदेशात वेल हिवाळ्यात झोपी जाते. दख्खनमध्ये ती झोपत नाही, आणि छाटणी करील तेव्हा फुटते. आजचा महाराष्ट्रातील बागायतदार एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी अशा दोन छाटण्या करतो. मात्र फळ एकदाच घेतो. एप्रिलच्या छाटणीस तो 'खरड छाटणी' म्हणतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीस 'गोडी छाटणी' म्हणतो. पहिलीने काडी तयार होते आणि दुसरीने फळ मिळते. पावसाळ्यात पिकणारे फळ आंबट राहते व कुजते. ऑक्टोबरनंतर धरलेले फळ कोरड्या हवेत गोड होते. छाटणीच्या नावातच फळाची चव घालणारा हा शब्दप्रयोग अर्थपूर्ण आहे. गोडी केव्हा भरेल हे वेलीच्या नव्हे, तर बागायतदाराच्या हाती आहे, हे ज्ञान त्यात सामावले आहे.

याच शेतकऱ्यांचा दुसरा शब्दप्रयोग याहून मोलाचा आहे. द्राक्षाचा मणी काही काळ हिरवा, टणक आणि आंबट राहतो. मग थोड्या दिवसांत तो मऊ पडतो, पारदर्शक दिसू लागतो आणि त्यात शर्करा झपाट्याने भरू लागते. या टप्प्यास आपले बागायतदार 'मण्यात पाणी उतरणे' असे म्हणतात. फ्रेंच लोक त्यास 'व्हेरेझाँ' म्हणतात; त्या शब्दात रंग पालटण्याची कल्पना आहे. भेदाचे कारण मला असे दिसते : युरोपातील मद्यासाठी काळ्या द्राक्षाचे महत्त्व मोठे होते, आणि काळ्या द्राक्षात हा टप्पा रंगाने उघड होतो. महाराष्ट्रात भोकरी व पुढे थॉम्सन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका अशा पांढऱ्या द्राक्षांचा विस्तार झाला. पांढऱ्या मण्यात रंगाची ठळक खूण मिळत नाही. बोटाला लागणारा मऊपणा आणि मण्यात दिसणारा पाणीदारपणा हीच खूण उरते. शब्द जातीमागून आला आहे.

५. कोकणातील दोन फळे

आता आंब्याकडे वळू. रत्नागिरी, राजापूर आणि १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात असलेले देवगड या भागांत आंब्याच्या पक्वतेचे शब्द दोन स्वतंत्र रांगांत लागतात. एक रांग झाडावरची : मोहोर, कैरी, बाठ धरणे, तयार होणे, पाडाला लागणे. दुसरी रांग घरातली : आढी घालणे, पिकणे, मऊ पडणे, उतरणे. हापूस झाडावर पिकेपर्यंत ठेवीत नाहीत. तो 'तयार' झाला की झेल्याने उतरवून पेंढ्याच्या आढीत पिकवितात. तयारीचे माप येथे आजही आण्यांत सांगितले जाते. दूरच्या बाजारासाठी फळ 'चौदा आणे' तयार असताना काढावे, असा सल्ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रकाशनांतही दिला जातो. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून गेला. परंतु आंब्याच्या बागेत तो टिकून आहे, कारण तेथे तो नाणे नसून सोळा भागांची मोजपट्टी आहे. पूर्ण सोळा आणे तयार फळात साका होण्याचे, म्हणजे गर पांढुरका व स्पंजासारखा होण्याचे भय अधिक असते. म्हणून पूर्णतेच्या थोडे अलीकडे थांबण्याचा संयम या शब्दाने शिकविला आहे.

तयार होणे आणि पिकणे हा भेद आंब्यात शक्य आहे, कारण आंबा तोडल्यानंतरही पिकतो. द्राक्ष तसे नाही. घड वेलीवरून उतरला की त्याची गोडी वाढणे थांबते. त्याला आढी नाही. त्यामुळे आंब्याच्या भाषेत वाढलेला मनुष्य द्राक्षाच्या बागेत गेला आणि 'थोडे आधी काढू, पुढे पिकेल' असे म्हणाला, तर तो फसेल.

काजूची गोष्ट तिसरीच आहे. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे झाड पश्चिम किनाऱ्यावर आणले. 'काजू' हा शब्दही तेथील तुपी भाषेतून पोर्तुगीजच्या मार्गे आला आहे. गोव्यातील फेणीचा कारागीर काजूचे बोंडू झाडावरून तोडीत नाही. ते पूर्ण पिकून आपोआप गळून पडले म्हणजे गोळा करतो. कच्च्या बोंडूत तुरट द्रव्ये अधिक असतात व ती घशाला धरतात. गळालेल्या बोंडूत ती कमी असतात आणि रस गोड असतो. बोंडू तुडवून रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवून जो नितळ रस झिरपतो त्यास 'निरो' म्हणतात. आंबलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनास 'हुर्राक' आणि पुढच्या कडक मद्यास 'फेणी' म्हणतात. 'हुर्राक' हा शब्द अरबी 'अरक' म्हणजे घाम या शब्दाच्या कुळातील आहे. मराठीतील 'अर्क' हाही त्याच घरचा. काजूत तोडणीचा निर्णय माणूस करीत नाही, झाड करते. २००९ मध्ये गोव्याच्या काजूफेणीस भौगोलिक मानांकन मिळाले.

हीच झाडे गोव्याच्या उत्तरेस, आपल्या जिल्ह्यातही आहेत. तरीही येथे बी पिळून घेऊन बोंडू टाकून देण्याचीच रीत मोठ्या प्रमाणावर पडली. उलट 'ओले काजू' म्हणून अपक्व बीच भाजीसाठी काढले जाते. या फरकाचे कारण निसर्गात नाही, इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीत १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातील मद्यनिर्मिती परवान्यांच्या व करांच्या चौकटीत बांधली, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ती अधिकच आवळली. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिल्याने तेथे हा गृहोद्योग उघडपणे चालला. एकाच झाडाच्या एकाच फळाविषयी सीमेच्या एका बाजूस निरो, हुर्राक, फेणी अशी प्रतिष्ठित शब्दमालिका तयार झाली, आणि दुसऱ्या बाजूस तोच व्यवहार चोरीचा ठरून त्याची भाषा लपली. कायदा केवळ धंदा बंद करीत नाही. तो शब्दांचाही मार्ग बदलतो.

६. वाइनचे आगमन आणि 'ब्रिक्स'

१९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फेसाळ वाइनचा कारखाना काढला, आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशीही गेली. शतकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला या संस्थेची स्थापना केली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. तत्पूर्वी १९९१ पासून 'महाग्रेप्स' या सहकारी उपक्रमाद्वारे खाण्याची द्राक्षे युरोपात जाऊ लागली होती. या दोन्ही घडामोडींबरोबर 'ब्रिक्स' आणि 'रिफ्रॅक्टोमीटर' हे शब्द बागायतदाराच्या नित्य बोलण्यात आले. रसाचा एक थेंब काचेवर ठेवून शर्करेचा अंश वाचता येतो. खाण्याच्या द्राक्षास साधारणपणे १६ ते १८ ब्रिक्स पुरते. कोरड्या वाइनसाठी २२ ते २४ अंशांची अपेक्षा असते. फेसाळ वाइनसाठी आंबटपणा टिकावा म्हणून फळ त्याहून बरेच आधी तोडतात. लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम शर्करेपासून मद्यार्काचा एक टक्का होतो, हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे या अंशांचे महत्त्व कळते.

परंतु गोडी म्हणजे पक्वता नव्हे. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात, टार्टारिक आणि मॅलिक. पाणी उतरल्यावर शर्करा चढू लागते आणि मॅलिक आम्ल जळू लागते. हवा जितकी उष्ण तितके ते लवकर जळते. सालीतील वास, बियांचा तुरटपणा आणि कच्च्या मिरचीसारखा हिरवा दर्प यांचे पालटणे हा तिसरा स्वतंत्र प्रवाह आहे. बी हिरवे असेतो त्यातील तुरटपणा कडवट असतो. ते तपकिरी झाले म्हणजे तो निवतो. हे तीन प्रवाह एकाच वेळी मुक्कामास पोचतील तर वाइन समतोल होते. फळ लवकर तोडले तर ती बारीक, आंबट आणि हिरव्या वासाची होते. उशिरा तोडले तर जड, उष्ण आणि मुरंब्यासारखी होते.

येथे महाराष्ट्राची अडचण युरोपच्या नेमकी उलट आहे. युरोपात द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा थंडावत असताना पिकते. नाशिकात ते जानेवारीपासून मार्चपर्यंत, हवा तापत असताना पिकते. जानेवारीच्या थंड रात्रींनी राखलेले आम्ल मार्चच्या दुपारी उडून जाते, आणि शर्करा मात्र वेगाने चढते. बी तपकिरी होण्याच्या आधीच आकडा पुरा भरतो. शाप्तालला साखर घालावी लागली. आपल्याकडे कित्येकदा टार्टारिक आम्ल घालावे लागते. परदेशी पुस्तकातील ब्रिक्सचा आकडा तसाच उचलला तर तो आकडा बरोबर आणि चव चूक, अशी अवस्था होते. शिवाय वजनावर माल विकण्याची सवय असलेल्या बागायतदाराला वेलीवरील घड विरळ करून, उत्पन्न घटवून, चव वाढवावी हे पटणे कठीण होते. खाण्याच्या द्राक्षात मोठा मणी हा गुण. वाइनमध्ये लहान मणी आणि जाड साल हा गुण.

७. समारोप

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. प्राचीन भारतीय मद्यविद्येत पक्वतेची चिकित्सा कमी आढळते, ती निरीक्षणाच्या अभावामुळे नव्हे. साखर हाताशी असल्याने तिची गरज नव्हती म्हणून. मराठीत पक्वतेची चिकित्सा झाली ती मद्याच्या नव्हे, तर फळाच्या व्यापाराच्या निमित्ताने. आणि तीही प्रत्येक फळाच्या स्वभावानुसार वेगळी. आंब्याने आपल्याला तयारी आणि पिकणे यांतील अंतर शिकविले, काजूने गळण्याची वाट पाहणे शिकविले, आणि द्राक्षाने वेलीवरच निर्णय घेण्याची निकड शिकविली.

ब्रिक्सचा आकडा उपयुक्त आहे, आणि तो सोडून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो एकाच प्रवाहाचे माप आहे. 'पाणी उतरले' असे म्हणणारा माणूस मऊपणा, पारदर्शकता आणि चव ही तिन्ही एकत्र पाहत असतो; 'चौदा आणे' म्हणणारा आंबेवाला रंग, खांद्याचा उभार आणि देठाजवळची खोलगट जागा एकत्र तोलत असतो. वाइन करणारे तज्ज्ञ आज शर्करेपलीकडे जाऊन बी चावून आणि साल चाखून तोडणी ठरवितात. म्हणजे यंत्राच्या मार्गाने तेही त्याच समग्र दृष्टीकडे परतले आहेत.

मोल्सवर्थने आपल्या कोशात कोकणातील शब्दांना स्वतंत्र खूण केली, म्हणून एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ प्रादेशिक शब्द आज आपल्या हाती आहेत. नाशिक, सांगली, सोलापूर येथील द्राक्षबागांची भाषा मात्र त्या कोशानंतर घडली आणि अद्याप कोणत्याही कोशात पुरेशी आलेली नाही. 'खरड', 'गोडी', 'पाणी उतरणे' हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी अजून बागेत उभी आहे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका हंगामात घाटावरच्या द्राक्षबागेत आणि एका हंगामात राजापूर-देवगडच्या आंब्याच्या बागेत शब्दसंग्रह केला, प्रत्येक शब्दासमोर फळाची प्रत्यक्ष अवस्था आणि त्या दिवशीचा ब्रिक्स अशी दोन्ही नोंद केली, तर भाषाशास्त्र आणि फलविज्ञान या दोहोंच्या उपयोगी पडेल असे एक साधन निर्माण होईल. ते काम जानेवारीत पाणी उतरते तेव्हा सुरू करून मे महिन्यात आढी उघडते तेव्हा संपविता येण्याजोगे आहे.